गेट उघडणाऱ्याचं नाव

तंजावूर, ९ जून १९९६

ती. भागीरथीअत्या, विजयलक्ष्मीचा नमस्कार.

तीन महिने पत्र नाही म्हणून रागावला असाल. रागवा, पण आधी हे वाचा.

काल सकाळी दार उघडलं तर कोलमच्या मधोमध एक बाटली ठेवलेली होती. अलमेलु, आमच्याकडे कामाला येते ती, पाच वाजता अंगण शिंपून कोलम घालून गेली आणि मी सहाला दार उघडलं. तेवढ्या तासाभरात कुणीतरी येऊन बाटली ठेवून गेलं, आणि पिठाची एक रेघ पुसली नाही. आत तांबडं-काळं पाणी. बुचाला लाख, लाखेवर प्रदूषण नियंत्रण मंडळाचा शिक्का. माझ्या खटल्यातल्या नमुन्याच्या बाटल्या अगदी तशाच आहेत, आणि त्या कोर्टात कुलपात असतात. चिठ्ठी वगैरे काही नव्हती. मी ती उचलून न्हाणीघरात ठेवली आणि वाणीला सांगितलं, फिनाइल आहे, हात लावू नकोस.

खटला तुम्हाला थोडक्यात सांगते, म्हणजे कळेल. पापनाशमच्या पुढे मळीपासून स्पिरिट काढणारा एक कारखाना आहे. नव्या धोरणात परवाने सुटले, कारखाना दुप्पट झाला, पण घाण पाणी साफ करायचं यंत्र होतं तेवढंच राहिलं. उरलेलं पाणी ते वायक्कालमध्ये, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या कालव्यात, सोडतात. खालच्या गावांतल्या विहिरी तांबड्या झाल्या, गुरं मेली. सरकारने खटला भरला आणि सरकारी वकील म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. दोन वर्षांपूर्वी प्रदूषणाचे खटले माझ्याकडे दिले तेव्हा बार रूममध्ये सगळे हसले होते. मीही हसले होते.

कायद्याप्रमाणे पाण्याचा नमुना कारखान्याच्या माणसासमोर घ्यायचा, दोन बाटल्यांत भरायचा आणि दोन्हींवर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या. मंडळाचा इंजिनीयर गेला तेव्हा मॅनेजरपासून वॉचमनपर्यंत सगळे एकदम जेवायला गेलेले. सही करायला माणूस नाही. आता त्यांचे वकील कोर्टात विचारतात, हे पाणी आमचंच कशावरून? खरं सांगते, कायद्याने त्यांचं चुकत नाही.

वाणीचे अप्पा बदलीवर कोइमतूरला, पंधरवड्याने येतात. मी आणि नऊ वर्षांची पोर, दोघीच. मागच्या दाराची कडी हलते म्हणून दाराला अम्मी टेकवून निजते, तुमच्याकडचा पाटा. सकाळी ती सरकवताना कंबर धरते. अत्या, मला भीती वाटते. ऑफिसात कुणापुढे बोलायची सोय नाही. सरकारी वकील बाई घाबरली, हे दुसऱ्या दिवशी गावभर होईल. फोनवर मधेच खरखर येते, त्यावरही बोलवत नाही. म्हणून मराठीत लिहिते. इथे मराठी बोलणारी घरं पुष्कळ, वाचणारं कोण आहे? वाणीच्या अप्पांनासुद्धा अक्षर लागत नाही. मी दहा वर्षांची असल्यापासून तुम्ही पोस्टकार्डांवर ही लिपी शिकवलीत. आज ती कामाला आली.

तुमची,
विजया


पुणे, १८ जून १९९६

चि. विजया, आशीर्वाद, आणि तीन महिन्यांबद्दल एक धपाटा.

बाटली ठेवणाऱ्याचे उपकार मानले पाहिजेत, नाहीतर तुझं पत्र आलंच नसतं. थट्टा करते म्हणून चिडू नकोस. तू घाबरलीस की मी थट्टा करते. तुला गोवर आला होता तेव्हाही मी तसंच केलं होतं.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा जीव धसकला. दुसऱ्यांदा वाचताना लाल शाईचं पेन हातात होतं, सवयीने. दोनच चुका निघाल्या, त्या सांगत नाही. तिसऱ्यांदा नुसता आनंद झाला. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा माझं मराठी ऐकून जावा पदर तोंडाला लावायच्या. 'केव्हा आलात'च्या जागी 'केम्मा आलांत' म्हटलं की स्वयंपाकघर हसून फुटायचं. वर्षभर मी घरात तोंडच उघडलं नाही. आता ऐंशी टक्के पुणेकर लिहिणार नाहीत असं मराठी माझी भाची तंजावरात बसून लिहिते. हे पत्र वाचून पेटीत घालून ठेवण्याजोगं नाही ग.

आता कामाचं. ती बाटली न्हाणीघरात ठेवून काय लोणचं घालणार आहेस? पोलिसांत दे. पाटा लावतेस ते बरं करतेस. मागच्या दाराला नवी कडी बसव, सरकारी नोकर आहेस, एवढा खर्च झेपेल. आणि वाणीला एकटी शाळेत धाडू नकोस.

भागीरथी


तंजावूर, ३० जून १९९६

ती. अत्या,

बाटली पोलिसांत दिली. सब-इन्स्पेक्टरनी उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, "किती लिटर आहे, अम्मा?" मी म्हटलं, साधारण एक. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं.

बुधवारी ऑफिसात फोन आला. पुरुषाचा आवाज, तमिळ, फार अदबीचा. म्हणाला, "वक्कील अम्मा, मागच्या दाराला अम्मी लावून निजता म्हणे. रोज उचलायची म्हणजे कंबर दुखेल." आणि ठेवून दिला. पुढे अर्धा तास समोरच्या फायलीवर मी काय सह्या केल्या, मला माहीत नाही.

अम्मीचं कुणाला ठाऊक? मला, वाणीला आणि अलमेलुला. सकाळी ती अम्मी जागेवर सरकवायला अलमेलुच हात लावते. अत्या, अकरा वर्षं ती माझ्या घरात आहे, वाणीला न्हाऊमाखू तिने घातलं. मी तिला उभी करून विचारलं, किती दिले त्यांनी तुला? तिने पदराच्या गाठीतली मागच्या दाराची किल्ली सोडून ओट्यावर ठेवली आणि गेली. वाणी दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये.

आता जे लिहिते ते लिहावं की नाही म्हणून सकाळपासून बसले आहे.

अलमेलु गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, कोर्टातून निघताना, सायकल स्टँडपाशी एक किडकिडीत माणूस पुढे आला. अंगाला मळीचा वास. मला म्हणाला, "अम्मा, बाटलीवर सही नाही हे खरं. पण पाणी आमचंच. गेट मीच उघडतो." तो कारखान्याच्या पंप हाउसवर आहे. मंडळाचे लोक रविवारी आणि सणासुदीला येत नाहीत. नेमकं त्या दिवशी वरून हुकूम येतो आणि तो वायक्कालकडचं गेट उघडतो. किती वाजता उघडलं, किती वाजता लावलं, हे पंप हाउसच्या वहीत लिहावं लागतं. सहा वर्षं ती वही त्याच्याच हातची आहे. ती वही कोर्टात आली तर सही नसलेली बाटलीही बोलायला लागेल. माझा खटला त्या वहीवर उभा राहील.

वही तो शनिवारी, १३ जुलैला, मला देणार आहे. वाणीचा गाण्याचा क्लास तिरुवैयारूला असतो. ती आत गात असते आणि मी नदीच्या पायऱ्यांवर बसते, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे, कुणाला संशय येणार नाही. सोमवारी मी त्याचं नाव बंद पाकिटात मॅजिस्ट्रेटांकडे देईन. त्याने एकच गोष्ट मागितली. पिंजऱ्यात उभा राहीपर्यंत त्याचं नाव कुणाला कळता कामा नये. त्याला बायको आहे, म्हातारी आई आहे, घर कारखान्याच्या कुंपणाला लागून. मी वाणीची शपथ घेतली.

आणि आता तुम्हाला लिहिते. सुब्रमण्यम त्याचं नाव. तोंडाने कुणाला सांगितलं नाही, वाणीच्या अप्पांनाही नाही. पण एवढं एकटीने पोटात ठेवून मला दिवस काढवत नाहीत. निदान एका माणसाला माहीत असावं, मला काही झालं तर. हे कुणालाही सांगू नका.

विजया


पुणे, ८ जुलै १९९६

चि. विजया,

कुणाला सांगत नाही. निर्धास्त राहा.

अलमेलुबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस, तिचंच काम असणार. बाहेरच्याला दाराचा पाटा कसा दिसेल? गरिबाला चार लोक येऊन धमकावतात, तो तरी काय करील. तिला दुष्ट म्हणू नकोस, पण परत घरात घेऊ नकोस.

तुझा तो पंप हाउसचा माणूस मला आवडला. आपण होऊन पुढे आला. पायऱ्यांवर बसशील तेव्हा खालच्या पायरीवर बसू नकोस, शेवाळ असतं. माझी चुलत जाऊ तिथेच घसरली होती. काय लिहिते मी हे. विजया, मलाही आता भीती वाटायला लागली आहे आणि थट्टा सुचत नाही. शनिवार झाला की लगेच चार ओळी टाक.

भागीरथी


तंजावूर, १६ जुलै १९९६

ती. अत्या,

सुब्रमण्यम आला नाही.

शनिवारी वाणीचा क्लास सुटला, तरी मी तिला तासभर पायऱ्यांवर बसवून ठेवलं. रविवारी तिला शेजारी ठेवून बसने पापनाशमला गेले. त्याची बायको शेषम्मा दाराची एकच फळी उघडून बोलली. शुक्रवारी दुपारी गाडीतून तिघे आले. त्यांनी नाव घेऊन हाक मारली. विचारलं, "उद्या तिरुवैयारूला, नदीच्या पायऱ्यांवर, वही कुणाला देणार होतास?" त्याने सदरा अंगात घातला, वही काढून दिली आणि त्यांच्याबरोबर गेला. आज पाचवा दिवस.

पापनाशमच्या पोलिसांचं म्हणणं, दारूच्या कारखान्यातला माणूस, पडला असेल कुठेतरी पिऊन. शेषम्मा मला म्हणाली, "तुम्हीच ना त्या अम्मा? नाव कुणाला कळणार नाही म्हणाला होतात." तिने फळी लावून घेतली.

वार, जागा, वही. गाडीतल्या लोकांनी जे जे विचारलं ते मला आणि सुब्रमण्यमला ठाऊक होतं. अलमेलुला ठाऊक असणं शक्य नाही. तो मला भेटला त्याच्या आदल्या दिवशीच मी तिला घालवली होती. ते पत्र मी स्वतः लिहिलं, स्वतः डिंक लावला, स्वतः पेटीत टाकलं.

विचारल्याशिवाय राहवत नाही. अत्या, माझी पत्रं आणखी कोण वाचतं?

विजया


पुणे, २० जुलै १९९६

चि. विजया,

स्पीड पोस्टने आलेलं तुझं पत्र आज सकाळी अकराला मिळालं. दोन वाजेपर्यंत मी देवापुढे बसून होते. आता लिहिते, सगळं लिहिते.

तुझी पत्रं मी वरुणरावांना पाठवत होते. आपले वरुणराव, पश्चिम राजवीथीचे, तुझ्या अप्पांचे मावसभाऊ. त्यांना तू ओळखतेस, पण वर्षातून एकदा लग्नाकार्यात दिसतात तेवढेच. माझा त्यांचा पत्रव्यवहार चाळीस वर्षांचा. दर पत्रात त्यांचं एकच रडगाणं, तंजावरात देवनागरी वाचणारा मी शेवटचा, माझ्यामागे कुणी नाही. तुझं बाटलीचं पत्र आलं तेव्हा मला राहवलं नाही. त्यांना दाखवावं वाटलं, बघा, तुमच्या गावातच आहे एक लिहिणारी. पाकिटात घालून धाडलं. दुसरंही धाडलं. तू लिहिलंस, कुणालाही सांगू नका. विजया, वरुणराव म्हणजे 'कुणी' हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तुला 'सांगत नाही' असं लिहिलं तेव्हा ते पत्र टपालात पडून तीन दिवस झाले होते, आणि तरी मी खोटं बोलते आहे असं मला वाटलं नाही.

तुझ्या पत्राच्या आदल्या दिवशीच त्यांचं उत्तर आलं. ते मूळ पत्र सोबत जोडलं आहे. तू वाचशीलच, तरी मधला भाग माझ्या हाताने लिहून काढते, तेवढी शिक्षा मला हवी:

'विजयाचें पत्र गुरुवारी रात्रीं जेवतांना मोठ्यानें वाचलें. पहिलेंही वाचलें होतें. नातवंडें बोलत नाहींत पण त्यांस कळतें, त्यांच्या कानावर शुद्ध मराठी पडावी हा हेतु. सांगण्यास आनंद वाटतो कीं आमचे जांवई नटराज, ज्यांस मराठीचा सदैव कंटाळा, ते ताटावरून उठले नाहींत. म्हणाले, मामा, तें नांव आणि जागा आणखी एकदां वाचा. मीं दोनदां वाचलें.'

नटराज त्याच कारखान्यात खरेदीचं काम बघतो. मला ते माहीत होतं, विजया. पोरीचं लग्न झालं तेव्हाच वरुणरावांनी लिहिलं होतं, जावई स्पिरिटच्या कंपनीत आहे, पगार चांगला. पण तुझ्या पत्रातला कारखाना आणि वरुणरावांच्या पत्रातली कंपनी ही दोन मी कधी शेजारी ठेवलीच नाहीत.

अलमेलुवर मीही आळ घेतला. ह्या वयात कुणाच्या पाया पडायचं राहिलं असेल तर तिच्या.

भागीरथी


तंजावूर, २७ जुलै १९९६

ती. अत्या,

पत्र मिळालं. तुमच्यावर रागवायला मला वेळ झालेला नाही. तो राग कुठेतरी आहे, येईल.

वरुणरावकाकांकडे गेले. झोपाळ्यावर बसले होते. मला बघून केवढे खूष झाले! "ये ग विजया, केम्मा आलीस? तुझं अक्षर काय सुरेख झालंय ग!" मी त्यांना बसल्या जागी सगळं सांगितलं. ते ऐकत होते, झोपाळा हळूहळू थांबला. मग म्हणाले, "मला काय कळ्ळं होतं ग? पोरांनी आइकावं म्हणून वाचलों मी." तेच तीनदा म्हणाले. मी माझी पत्रं परत मागितली. तेव्हा आतून त्यांची मुलगी बाहेर न येताच म्हणाली, "ती नाहींत. चुलींत घातलीं. ह्यांनीं सांगटलं." काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. निघताना एवढंच म्हणाले, "नटराज माझ्या लेकीचा घरधनी आहे, विजया."

म्हणजे आता पुरावा एकच, काकांनी तुम्हाला लिहिलेलं पत्र. ते दाखवायचं तर माझ्या हातून काय झालं तेही सांगावं लागतं. सरकारी वकिलाने गुप्त साक्षीदाराचं नाव, जागा, वार, सगळं लिहून पुण्याला धाडलं! आमच्या वरिष्ठांनी दार लावून घेऊन ते पत्र हातात तोललं आणि म्हणाले, "अम्मा, हे मराठी आहे. हे मला वाचता येत नाही. कुणालाच येत नाही. फाडून टाकलंत तर काय होतं ह्यात, हे ह्या जिल्ह्यात कुणाला कळणार नाही. नोकरी राहील." त्यांनी ते माझ्या चांगल्यासाठीच सांगितलं. मी पत्र पर्समध्ये घालून घरी आणलं, आणि दोन दिवस ते डाळीच्या डब्याखाली होतं. हे तुम्हाला मुद्दाम सांगते. तो माणूस कुठेतरी कोंडलेला होता आणि मी दोन दिवस पगाराचा, पेन्शनीचा, लोक काय म्हणतील ह्याचा विचार करत होते. दुसऱ्या दिवशी वाणीने विचारलं, गाण्याच्या क्लासला पुन्हा नदीवर थांबायचं का. मी तशीच उठून पोलीस सुपरिंटेंडेंटकडे गेले.

पत्राचा शब्दन् शब्द मी शपथेवर तमिळमध्ये सांगितला. आणि लिहून दिलं, ह्या खटल्यात मी स्वतःच साक्षीदार झाले, वकील राहू शकत नाही. त्याच दिवशी नटराजला बोलावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुब्रमण्यम पापनाशमच्या बस स्टॉपवर बसलेला सापडला. जिवंत आहे. अंगावर जखम दिसत नाही. तो कुणाशी बोलत नाही, शेषम्माशीही नाही. वही गेली.

अलमेलुच्या घरी गेले होते. तिने मला बसायला चटई दिली, पाणी दिलं. येत नाही म्हणाली.

विजया


पुणे, २ ऑगस्ट १९९६

विजया,

मला साक्षीला बोलावणार असतील तर मी येते, डॉक्टर नको म्हणतात तरी येते. बोलावणार नसतील तर तसं कळव. तुझी पत्रं यापुढे मी वाचून जाळीन म्हणणार होते, पण तसंही लिहायला मला तोंड राहिलं नाही. तू लिहिशील तेवढं लिही.

भागीरथी


तंजावूर, १४ ऑगस्ट १९९६

ती. अत्या,

परवा, सोमवारी, तारीख होती. तुम्हाला यायची गरज पडली नाही. वरुणरावकाका स्वतः आले. धोतर, कोट, हातात काठी, घरातून एकटे चालत. त्यांनी स्वतःचं अक्षर ओळखलं आणि 'मी दोनदा वाचलं' एवढंच सांगितलं. नंतर कुणाकडे न बघता निघून गेले. नटराजने काकांच्या लेकीला माहेरीच सोडलं आहे असं ऐकते. त्याच्यावर खटला होईल, तो वेगळा.

मग मी पिंजऱ्यात. बारा वर्षं मी त्या लाकडाच्या ह्या बाजूला उभी आहे. पलीकडून कोर्ट फार मोठं दिसतं. माझ्या जागी आलेल्या नव्या वकिलांनी विचारायचं ते विचारलं. मग कारखान्याचे वकील उठले. मला वर्षानुवर्षं 'अम्मा, अम्मा' म्हणणारे, अगदी मऊ आवाजात: "नाव गुप्त ठेवायचं वचन दिलंत आणि त्याच आठवड्यात ते लिहून धाडलंत. का?"

मी पाच दिवस उत्तर पाठ केलं होतं. त्यात कायदा होता, परिस्थिती होती. ते मला आठवलं नाही. मी म्हटलं, "भीती वाटत होती."

"सरकारी वकिलाला? कशाची?"

"सगळ्याचीच. एकटीला सोसवेना. माझ्या भीतीपायी ह्या माणसाला उचलून नेलं."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. मग आणखी काही जण हसले.

त्यानंतर सुब्रमण्यमला पुकारलं. अत्या, मला वाटलं तो 'तेरियादु' म्हणणार, मला माहीत नाही, मी कुणाला ओळखत नाही. त्याने तसं म्हटलं असतं तर मी त्याला दोष दिला नसता. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. तो घरी जाईल, जगेल, आणि माझ्या जिवावरचं ओझं उतरेल. शेषम्मा दाराशी उभी होती, तिने डोळे मिटून घेतले होते.

नव्या वकिलांनी विचारलं, गेट कोण उघडतं? त्याने पिंजऱ्याचा कठडा धरला. मग म्हणाला, "मी."

कारखान्याचे वकील उठले. वही कुठाय? नाही. कागद? नाही. "मग नुसत्या तोंडच्या गोष्टी कोण ऐकणार?"

सुब्रमण्यम म्हणाला, "वही नाही, अय्या. पण सहा वर्षं मीच लिहिली. कुठला दिवस पाहिजे, विचारा."

वकिलांना वाटलं, सापडला. हसत म्हणाले, "सणाच्या दिवशी उघडायचास म्हणतोस. मग सांग, यंदाच्या माट्टुप्पोंगलला किती वाजता उघडलंस?" तुम्हाला आठवत असेल अत्या, त्या दिवशी सकाळी गाईबैलांना पाण्यावर नेऊन धुतात, शिंगं रंगवतात, सगळा गाव वायक्कालवर असतो.

तो म्हणाला, "सहाला उघडलं. साडेदहाला लावलं. पंप हाउसच्या खिडकीतून पाणी दिसतं. सगळे गुरं घेऊन उतरले होते. आमची शेषम्माही आमची गाय घेऊन उतरली होती. पोरं अंगावर पाणी उडवत होती. तांबडं पाणी वळणावर आलेलं मला दिसलं. गाय चौथ्या दिवशी मेली."

त्यांचे वकील इतके मुरलेले, तरी त्यांनी तो प्रश्न विचारलाच. "दिसत होतं, तर मग बंद का नाही केलंस?"

सुब्रमण्यमने मान वर केली, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "भीती वाटत होती, अय्या."

ह्या वेळी कुणी हसलं नाही. मॅजिस्ट्रेटांनी चष्मा सारखा केला आणि ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

विजया